गच्चीवरचा नटसम्राट

आमच्या घरात डॉक्टर लागू दोन होते. एक जयपूरच्या टॉकीजमध्ये भेटायचे. कधी राखीचे वडील, कधी दारुडा बाप, कधी मोठा शेठ. यायचे, थोडं बोलायचे आणि जायचे. दुसरे लागू पुण्याहून आत्याबरोबर यायचे, तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, भाजणी आणि मेतकुटाच्या डब्यांच्या मधून. या दुसऱ्या लागूंना आम्ही भावंडांनी रंगमंचावर कधीच पाहिलं नाही. तरी जास्त ओळखीचे तेच.

दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या हिशेबखात्यात होते. बदलीवर जयपूरला आले आणि तिथलेच झाले. शास्त्रीनगरात घर घेतलं तेव्हा ते गावाचं टोक वाटायचं. चांदपोल दरवाजा मागे पडला की दादांच्या मते परमुलूख सुरू. उन्हाळ्यात दिवसभर लू. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, वाफ निघून गेली की खाटा टाकायच्या, सुरई भरून ठेवायची आणि नाहरगडाच्या अंगाने वारा येतो का ते पाहत पडायचं. शेजारच्या काकीसा त्यांच्या गच्चीवर, आम्ही आमच्या, मधली भिंत कमरेएवढी. तिच्यावरून गट्ट्यांची भाजी इकडे यायची आणि पिठलं तिकडे जायचं. आजी म्हणायची, गट्टे म्हणजे ज्याला कसली घाई नाही त्या माणसाचं पिठलं.

आत्या यायची मे महिन्यात, मुलांच्या शाळा सुटल्या की. जयपूरला मे महिन्यात कुणी येतं का? पण तिला तेव्हाच जमायचं. पुण्याहून मुंबई, मुंबई सेंट्रलहून फ्रंटियर मेल, सवाई माधोपूरला उतरून छोट्या लाईनची गाडी. आली की आंघोळ, कैरीचं पन्हं, आणि मग आमचा ठरलेला प्रश्न, ‘या वर्षी काय पाहिलंस?’ नाटक विचारतोय हे सांगावं लागत नसे. जयपुरात मराठी नाटक म्हणजे गावातल्या मराठी मंडळींनी गणपतीत बसवलेली एकांकिका. तिच्यात एकदा दादा पोस्टमन झाले होते आणि पत्र विंगेतच विसरून आले होते. त्यामुळे खरं नाटक आम्हाला आत्याच्या तोंडून ऐकावं लागे.

आजी माहेरची साताऱ्याची, आणि हे तिने जयपुरात पन्नास वर्षं काढूनही कुणाला विसरू दिलं नाही. १६ नोव्हेंबर १९२७ ला श्रीराम लागूंचा जन्म साताऱ्यात झाला, एवढ्या एका आधारावर तिने त्यांना माहेरचा माणूस करून टाकलं होतं. ते वाढले पुण्यात, भावे स्कूल, फर्ग्युसन, बी. जे. मेडिकल सगळं पुण्याचं, असं आत्या सांगून बघायची. आजी म्हणायची, “शिकायला काय, सगळेच पुण्याला जातात. माणूस कुठला, हे पाणी ठरवतं.”

आजीचं हे साताराप्रेम फार लांबवर पोचायचं. तिच्या वडिलांनी गणपतराव जोशींचा ‘हॅम्लेट’ पाहिला होता. कुठे पाहिला, सातारलाच की कोल्हापूरला, यावर घरात दोन मतं होती. नाटक ‘विकारविलसित’, मराठीत आणलेलं आगरकरांनी. डेन्मार्कचा राजपुत्र त्यात चंद्रसेन झाला होता. मंडळी शाहूनगरवासी. आता शाहूनगर म्हणजे सातारा. आगरकर टेंभूचे, म्हणजे कऱ्हाडजवळचे, म्हणजे सातारा जिल्हाच. एवढं बोटांवर मोजून झालं की आजी निकाल द्यायची की हॅम्लेटसुद्धा मुळात आमच्याकडचाच. शाळेत इंग्रजीच्या बाईंना मी हे सांगितलं होतं. त्यांना काही पटलं नाही.

पणजोबा म्हणे सांगायचे, बापाचं भूत दिसल्यावर गणपतरावांचा चेहरा असा काही व्हायचा की पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायची, खरंच मागे कुणी उभं आहे की काय! हे आजीने वडिलांकडून ऐकलं, आम्ही आजीकडून. गणपतराव १९२२ सालीच गेले. त्यांच्या अभिनयाचं रीळ नाही. राहिलं ते असं, तोंडातोंडी. मधे किती मीठमसाला पडला असेल देव जाणे, पण भूत दिसलं की मागे वळायचं, हे आमच्या घरात नातवंडांपर्यंत सगळ्यांना येतं.

तर लागू. दादांना त्यांची गोष्ट एका वेगळ्याच कारणाने लागायची. कान-नाक-घशाचा डॉक्टर, पुण्यात चालता दवाखाना. नाटकाचा नाद कॉलेजपासूनचा. पुढे भालबा केळकर वगैरे मंडळींबरोबर पी.डी.ए. या नाट्यसंस्थेत नाटकं करायचे, आणि १९५७ साली वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’मधले दादासाहेब केले तेव्हापासून पुण्यात त्यांच्याकडे लोक नट म्हणून बघू लागले. मग पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा, इंग्लंड, मग आफ्रिकेत टांझानियात टबोरा नावाच्या गावी डॉक्टरकी. आणि एवढं सगळं करून, वयाची चाळिशी उलटल्यावर, १९६९ साली हा माणूस दवाखाना सोडून पूर्णवेळ नट होतो! पहिलं नाटक कानेटकरांचंच, ‘इथे ओशाळला मृत्यू’.

“पण पेन्शन?” दादा विचारायचे. दरवर्षी विचारायचे.

“नटाला कसली आलीय पेन्शन!” आत्या म्हणायची. दादा मान हलवत खाली निघून जायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येऊन बसायचे, कारण तोवर तिने नाटक सुरू केलेलं असे.

‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला २३ डिसेंबर १९७० ला, मुंबईत बिर्ला मातुश्री सभागृहात. नाटक शिरवाडकरांचं, संस्था गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, नायक बेलवलकर म्हणजे लागू, त्यांची बायको कावेरी म्हणजे शांता जोग. आत्याने पाहिलं ते नंतर, पुण्याला, बालगंधर्व रंगमंदिरात. आणि तिथून जी आली ती आमच्या गच्चीवर तिने अख्खं नाटक उभं केलं. बेलवलकर तीच, कावेरी तीच, सून तीच, नात ठमी तीच. लागूंचा आवाज काढायची तेव्हा हनुवटी छातीशी न्यायची आणि आवाज पोटातून यायचा. दोन घरं पलीकडचा कुत्रा भुंकायला लागायचा. मधेच थांबून म्हणायची, “इथे तो काहीच बोलत नाही हं. नुसता उभा राहतो.” आणि तीही नुसती उभी राहायची, कमरेला पदर खोचून, पाठीमागे पाण्याची टाकी आणि वर जयपूरचं चांदणं. आम्ही श्वास रोखून. किती वेळ? कोण मोजतंय!

त्या नाटकाची हकीकत वाचकांना मी काय सांगावी. निवृत्तीनंतर सगळं मुलांना वाटून टाकणारा नट, आधी मुलाच्या घरी, मग मुलीच्या घरी, चोरीचा आळ, कावेरीचं जाणं, शेवटी रस्ता आणि बूटपॉलिशवाला राजा. काकीसांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. भिंतीवर कोपर टेकून त्या ऐकत होत्या. मुलीच्या घरातून दोघं म्हातारी बाहेर पडतात तिथे त्यांनी ओढणी डोळ्यांना लावली. नंतर म्हणाल्या, भुआजींनी काही सांगायची गरज नाही, आमच्या गावात अशी तीन घरं आहेत.

आजी मात्र रडली नाही. सगळं ऐकून तिने विचारलं, “त्या सुनेची बाजू कुणी मांडली का नाटकात?” आत्या चिडली. आजीचं म्हणणं एवढंच, की दिवसभर मोठमोठ्याने बोलणारा, वाट्टेल त्या शिव्या देणारा, नातीला नको ते शिकवणारा सासरा घरात बाळगून बघ म्हणावं. माझ्या मते शिरवाडकरांनी ती बाजू ठेवली आहे. म्हणून तर ते नाटक नुसतं रडकं होत नाही. पण त्या रात्री आजी आणि आत्या एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि सकाळी दोघींनी मिळून पापड लाटले.

आमच्या घराण्यावर त्या नाटकाचा एक परिणाम कायमचा झाला. आत्याचे सासरे त्या सुमारास वाडा मुलांच्या नावावर करणार होते. नाटक पाहून आले आणि कागद कपाटात ठेवून दिले, ते त्यांच्या अखेरीपर्यंत. आत्याचे यजमान म्हणायचे, लागूंनी पुण्यातली किती मृत्युपत्रं लांबणीवर टाकली याचा हिशेब एकदा काढायला हवा.

आत्याकडे अजून एक खण होता, तो आम्ही झोपल्यावर उघडायचा. म्हणजे झोपलो असं तिला वाटल्यावर. ‘गिधाडे’ची हकीकत तिने आईला सांगितली ती अशा कुजबुजत्या आवाजात. तेंडुलकरांचं नाटक, लागूंनी बसवलेलं, १९७० सालचंच. बाईच्या साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की हा लालच समजा. आई इतकी हसली की माझी झोपेचं सोंग घेतलेली पापणी हलली, आणि गोष्ट तिथेच संपली. पुढचं मी फार वर्षांनी छापलेलं वाचलं. वाचताना हसू आलं नाही. ते नाटक हसण्याचं नव्हेच.

आता पहिले लागू, टॉकीजमधले. त्यांच्यासाठी आत्या लागत नसे. जयपूर म्हणजे टॉकीजचं गाव. जुनं रामप्रकाश तर मुळात नाटकघर, सवाई रामसिंहांनी बांधवलेलं, पुढे तिथे सिनेमे लागू लागले. १९७६ ला राजमंदिर झालं आणि पाहुण्यांना हवामहालाआधी ते दाखवायची रीत पडली. सिनेमा कुठला का असेना, आतलं छत बघायचं. ‘पिंजरा’ मात्र आम्ही पाहिला साताऱ्याला, सुट्टीत. शांतारामबापूंचा १९७२ चा सिनेमा, आदर्श मास्तर तमाशातल्या बाईपायी धुळीला मिळतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाबद्दल शिक्षा घेतो. आजीला संध्याचं नाचणं आवडलं. मास्तरबद्दल तिचं मत होतं, रात्री तंबूकडे जायचंच कशाला.

मग हिंदी सुरू झाले. ‘घरौंदा’तला मोदी शेठ, १९७७ चा, त्याला फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं तेव्हा आजीने शेजारी साखर वाटली. ‘मुकद्दर का सिकंदर’मध्ये राखीचे वडील. आणि मग १९८१ ला ‘लावारिस’. त्यात लागू गंगू गणपत नावाचा दारुडा, पोर सांभाळतो ते दारूच्या पैशासाठी. थिएटरातून बाहेर आल्यावर आजीचा चेहरा उतरलेला. “शिकलेला डॉक्टर,” ती म्हणाली, “आणि काय करायला लावलं बघा.” काकीसांच्या यजमानांनी तिची समजूत काढली: “माँजी, पण काम बघा ना. दारुड्याचं काम दारू न पिता करायचं म्हणजे सोपं आहे का?” ते स्वतः अधूनमधून घ्यायचे, त्यामुळे त्यांच्या मताला वजन होतं.

‘गांधी’ लागला तेव्हा मात्र आजी अख्ख्या गल्लीला घेऊन गेली. अॅटनबरोच्या त्या सिनेमात लागू गोखले आहेत. गांधी आफ्रिकेहून नुकते आलेले, आणि गोखले त्यांना आधी देश बघा म्हणून सांगतात. तेवढ्या दोन-चार मिनिटांसाठी आजीने तीन तास काढले. बाहेर येऊन गजक घेताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “गांधींना वाटेला लावलं ते आमच्या माणसाने.” गोखले म्हणायचं होतं की लागू, कुणी विचारलं नाही.

आत्याला हे हिंदीतले तुकडे बघवत नसत. तिचं म्हणणं, सागवानाचे दांडे करून झाडूला लावल्यासारखं आहे हे. मराठी सिनेमाला ती मान द्यायची. ‘सामना’, ‘सिंहासन’. ते आमच्याकडे आले दूरदर्शनवर, रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे त्या वेळेला, खाली इंग्रजी अक्षरं. ‘सामना’ला आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. एका बाजूला निळू फुल्यांचा हिंदूराव, साखर कारखान्याचा मालकच म्हणा ना. दुसऱ्या बाजूला लागूंचा फाटका, दारूत बुडालेला म्हातारा मास्तर. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल तो विचारत राहतो आणि सगळा गाव अस्वस्थ होत जातो. काकीसांचे यजमान पंचायत समितीत होते. सिनेमा संपल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग चहा पिताना म्हणाले, ऐसा मास्टर हर गाँव में एक होना चाहिए, और दूसरे गाँव में रहना चाहिए.

‘सिंहासन’ १९७९ चा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. त्यात लागू अर्थमंत्री, मुख्यमंत्र्याची खुर्ची हलवू पाहणारे. तो काही आमच्या गल्लीला तितका कळला नाही. राजकारण कळलं, पण पात्रं फार होती आणि मधे वीज गेली.

आजी फार म्हातारी झाल्यावर एक पेच आला. लागूंनी ‘परमेश्वराला रिटायर करा’ असा लेख लिहिल्याचं आत्याने सांगून टाकलं. खरं तर सांगायला नको होतं. आजी रोज सकाळी गोविंददेवजींच्या नावाने हात जोडणारी आणि संध्याकाळी रामरक्षा म्हणणारी. देवघरातल्या बाळकृष्णाकडे बघत ती थोडा वेळ बसली. मग म्हणाली, “देवाला रिटायर करू दे. माझ्या मुलाला केलं, तेव्हा तो दिवसभर घरात मधेमधे यायला लागला. देवही येईल.” दादा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते.

आत्याने त्या वर्षीच दुसरी गोष्ट सांगून भरपाई केली. लागू, निळू फुले वगैरे नावाजलेले नट मिळून अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव फिरले आणि त्यातून आलेला पैसा सामाजिक कृतज्ञता निधीत घातला, चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. हे ऐकून दादा खाटेवर उठून बसले. “म्हणजे पेन्शनच की!” ज्या प्रश्नाने त्यांना वीस वर्षं छळलं होतं, त्याचं उत्तर त्यांना त्या दिवशी मिळालं. स्वतःसाठी नाही तर नाही, दुसऱ्यांसाठी तरी सोय केली माणसाने.

नाटकं चालूच होती. ‘हिमालयाची सावली’तले नानासाहेब भानू, ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’तले प्राध्यापक, ‘कन्यादान’मधले नाथ, ‘आत्मकथा’मधले राजाध्यक्ष. सत्तरी ओलांडल्यावर १९९९ साली ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये सॉक्रेटिस! यातली बरीच आत्याने पाहिली. पण ती पुढे पुढे जयपूरला कमी यायला लागली, गुडघे धरले होते. मग पत्रं, मग फोन. फोनवर नाटक सांगता येत नाही. आवाज येतो, पण ते नुसतं उभं राहणं येत नाही. ‘लमाण’ हे लागूंचं आत्मचरित्र तिने मला टपालाने पाठवलं, कडेला पेन्सिलीने शेरे मारून. दोन ठिकाणी ‘मी होते’ असं लिहिलंय. एका ठिकाणी ‘असं नव्हतं’.

लागूंच्या ‘नटसम्राट’ची चित्रफीत पुढे बाजारात आली तेव्हा मी पुण्याला जाऊन तिच्याबरोबरच बसून ती पाहिली. मला भीती वाटत होती, इतकी वर्षं ऐकलेलं डोळ्यांपुढे आल्यावर काय होईल. लागू ते लागूच. त्यांचा थकवा, त्यांचा पल्ला, एका वाक्यात चढणारी आणि मोडणारी लय. पण मी बघत होते ती आत्याला. तिचे ओठ हलत होते, थोडे पुढे, थोडे वेगळे शब्द. एका जागी ती म्हणाली, “त्या रात्री इथे जास्त थांबला होता.” मग दत्ता भटांनी हेच कसं केलं, सतीश दुभाषींनी कसं, यशवंत दत्तांनी कसं, हे सुरू झालं आणि आम्ही चित्रफीत थांबवून जेवायला बसलो. नंतर २०१६ ला नाना पाटेकरांचा ‘नटसम्राट’ आला. तोही तिने पाहिला. बरा आहे म्हणाली, आणि पुन्हा बालगंधर्वच्या त्या रात्रीवर आली.

डॉक्टर १७ डिसेंबर २०१९ ला पुण्यात गेले. महिन्याभरात संक्रांत. जयपूरला संक्रांत म्हणजे पतंग. शास्त्रीनगरात त्या दिवशी जमिनीवर कुणी सापडत नाही. आमची गच्ची आता भाचरांच्या ताब्यात. तिळगूळ, फिणी, लाऊडस्पीकर. एका भाचीने मोबाइलवर ‘लावारिस’मधला प्रसंग काढून विचारलं, हेच का ते, ज्यांच्याबद्दल पणजी बोलायची? हेच, मी म्हटलं. तिला तो दारुडा आवडला. मग मला राहवेना. हनुवटी छातीशी नेली, आवाज पोटातून काढला आणि बेलवलकर सुरू केले. माझ्या आवाजात आत्या होती, तिच्यात लागू, आणि थोडे पणजोबांचे गणपतरावही असतील. भाचरं मधेच ‘वो काटा!’ ओरडत होती, तरी दोघी-तिघी शेवटपर्यंत बसल्या. एकीने विचारलं, सुनेची बाजू कुणी मांडली का? रक्त आजीचं.

विचार करते तेव्हा गंमत वाटते. त्या माणसाची छोटी छोटी कामं रिळात पक्की राहिली. शंभर वर्षांनीही गंगू गणपत तसाच दिसेल. आणि मोठी कामं, ज्यांच्यासाठी त्याने दवाखाना सोडला, ती त्या त्या रात्री संपली. एखाद्या प्रयोगाची फीत निघाली, बाकीचे शेकडो प्रयोग माणसांकडे आहेत. ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. गोळ्या विसरतात, पण बेलवलकर कुठे थांबले होते ते विसरत नाहीत.

तुमच्याही घरात असं कुणी असेल. काकू, मामा, मोठी वहिनी. त्यांना बसवा, चहा द्या आणि बोलू द्या. दोन नाटकं एकात मिसळतील, सालं पुढेमागे होतील, तेंडुलकरांचं वाक्य कानेटकरांच्या पात्राच्या तोंडी जाईल. दुरुस्त करू नका. सालं पुस्तकात मिळतात. बालगंधर्वला त्या रात्री मध्यंतरात बटाटेवडा केवढ्याला होता, आणि तो हातात घेऊनही खाववला का नाही, हे मात्र त्यांनाच विचारावं लागतं.